वृंदाची मॅटाडोर आणि माझा अभिमान

हावडा,
शुक्रवार

ती. चंद्रकांतदादास शकुनचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, पत्रात वाकते).

मोतीबिंदूनंतर डोळा कसा आहे? वहिनी थेंब वेळेवर घालते ना? डोळा बरा असेल तर हे पत्र स्वतः वाच, सुनेकडून वाचून घेऊ नकोस. आम्ही दोघं ठीक. माझा चिवड्याचा कारखाना चालू आहे. यांना बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी चकलीचं प्रत्येक खोकं सही केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

कळवायचं कारण एवढंच, की वृंदाने नवा पिकअप घेतला. वृंदा म्हणजे जयप्रकाशांची बायको. सॉल्ट लेकला राहते, ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवते. तू इथे बंदरात नोकरीला होतास तेव्हा ती नवी नवरी होती, आणि तिला पोळ्या मी शिकवल्या (हे ती हल्ली कुठे सांगत नाही). मला हेवा वाटतो असं समजू नकोस. मला फक्त सगळी माहिती आहे.

झालं असं, की एका कंपनीने (नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको) सॉल्ट लेकच्या मैदानात आपल्या नव्या मालवाहू गाड्या झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या केल्या होत्या. सुरुवातीला गल्लीबोळांसाठी बॅटरीवर चालणारी बुटकी गाडी, मग पिकअप, मग मागे माणसंही बसतील असा दोन रांगांच्या सीटचा पिकअप, आणि शेवटी दहा चाकांचा ट्रक, ज्याच्या पायरीपर्यंत पोचायलाच मला स्टूल लागेल. वृंदाने घेतला तो दुसरा, एकाच रांगेच्या सीटचा. पावणेदोन टन माल, साडेनऊ फुटांचा हौदा. चढावर थांबला तर मागे घसरत नाही. मागे काय आहे ते पुढच्या पडद्यावर दिसतं. ड्रायव्हरला डुलकी लागली की गाडी स्वतः बोलून त्याला उठवते (आमच्या ड्रायव्हरच्या, सलीलदाच्या हाती दिली तर गाडीचा घसा बसेल). शिवाय गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर कळतं. आमची चिवड्याची जुनी गाडी कुठे आहे ते कळायला मोबाइल लागत नाही, ती पुलाच्या तोंडाशी बंद पडलेली असते. तिचं डावं दार सुतळीने बांधतो आणि काच पकडीने वर करतो. समाधान एकच. इथले लोक कुठल्याही पिकअपला मॅटाडोरच म्हणतात. तिची ती मॅटाडोर, माझीही मॅटाडोर.

पण दादा, प्रश्न गाडीचा नाही, गणपतीचा आहे. गेली चौदा वर्षं आपल्या मराठी मंडळाचा गणपती कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून आमच्या गाडीतून येतो आणि ड्रायव्हरशेजारी मी बसते, पैठणी नेसून. रस्त्यावरचे लोक गणपतीला हात जोडतात, त्यातले थोडे मलाही मिळतात. आता मंडळात कुजबुज सुरू आहे, की यंदा मूर्ती वृंदाच्या गाडीतून आणू या, धक्के कमी बसतील. (गेल्या वर्षी आमच्या गाडीत कान टवकला, पण तो उंदराचा होता.) तीन आठवड्यांनी सभा आहे, तिथे ठरेल.

तर त्या मैदानात, पहिली गिऱ्हाईक म्हणून वृंदाला दारापेक्षा मोठी पुठ्ठ्याची किल्ली दिली. ती बंगालीत छान बोलली. मग तिच्या मंडळातल्या ज्येष्ठ बाई म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मराठीत बोलले असते तर निभावलं असतं. पण ती बंगालीत बोलली म्हटल्यावर मी काय मराठीत बोलणार? मी ठणकावून म्हणाले, ‘बृंदार नोतून गाडी देखे आमार खूब ऑभिमान होयेछे.’ म्हणजे, वृंदाची नवी गाडी बघून मला फार अभिमान वाटला.

पहिल्या रांगेतली एक बाई ‘आहा रे!’ म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावला. दादा, तुला हे माहीत होतं का? असेल तर इतकी वर्षं बोलला का नाहीस? बंगाल्यांचा अभिमान म्हणजे आपला अभिमान नव्हे. आपल्या माणसाने आपल्याला विचारलं नाही म्हणून मनात जो रुसवा धरतात, तो. मी तीनशे माणसांसमोर माइकवर जाहीर केलं, की वृंदाने गाडी घेतली म्हणून मी रुसले आहे!

कंपनीचा माणूस धावत आला. ‘राग कोरबेन ना, माशिमा,’ (रागावू नका, मावशी) म्हणत त्याने मला वृंदाच्याच गाडीत नेऊन बसवलं, थंड हवा सोडली आणि हातात खायला संदेश दिला (निरोप नव्हे, मिठाई). सीट मागेपुढे होते, कमरेला टेका आहे. मी पंधरा मिनिटं बसले (तोंड वाकडं ठेवूनच). मग वृंदा खिडकीशी आली.

‘शकुनताई, अहो, मनात एवढं होतं तर आधी बोलायचं नाही का?’

‘अगं, मी मराठीतला अभिमान म्हणाले!’

‘म्हणजे माझ्या गाडीचा अभिमान वाटतो तुम्हाला?’

आता सांग, हो म्हणावं तर तोंडातून निघेना, नाही म्हणावं तर बंगाली खरं ठरतं. मी दुसरा संदेश मागितला. हे मागून म्हणाले, ‘एकतीस वर्षांत तू पहिल्यांदाच अचूक बंगाली बोललीस.’ त्यांच्याशी तेव्हापासून बोलणं बंद आहे.

असो. वहिनीला नमस्कार, नातवंडांचे गालगुच्चे घे. डोळ्याला पाणी लावू देऊ नकोस.

तुझी बहीण,
शकुन

ता. क. तू मंडळाचा पहिला चिटणीस, तुझा शब्द इथे अजून चालतो. मंडळाला पत्र लिही, की गणपती सवयीच्या गाडीतूनच यावा. कारण काहीही दे. शास्त्रात सापडलं तर उत्तम, नाहीतर ‘परंपरा’ लिही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच वृंदा येऊन गेली. म्हणाली, गणपती तिच्या गाडीतून आला तरी पुढे शकुनताईच बसणार, सभेत तसं तीच मांडणार. मी ‘बघू’ म्हणाले. तेव्हा आणखी एक पत्र लिही, की मूर्ती नव्या गाडीतून आणावी, देवाला धक्के बसू नयेत.

ता. क. ३. ती गेल्यावर लक्षात आलं, की त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा आहे. म्हणजे तीही बसणार, आणि बहुधा खिडकीशी. तू दोन्ही पत्रं स्पीड पोस्टाने पाठव. कोणतं वाचायचं ते मी सभेत तिचं तोंड बघून ठरवीन.