तिकडचा निकाल आणि माझी सोयरीक

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

अमेरिकेची निवडणूक लागली आणि माझं लग्न अडकलं! हसावं की रडावं, कळत नाही.

आज इंझोरीहून बापूराव काका आले होते. गजेंद्रचे वडील. गजेंद्र म्हणजे ज्याला दसऱ्याला मोबाईलवर मला दाखवलं, तो. पाच वर्षांपासून अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पोहे झाले, चहा झाला, मग काकांनी पानाला चुना लावत लावत सांगितलं, "पोट्टी पसंत हाये आमाले. पण सुपारी तिकडचा निकाल लागल्यावर फोडू. ती बाई आली तं विसा चालू राहीन. तो बुवा आला तं मंग पाहा लागन."

बाबांनी अशी मान हलवली, जसे रोज तिकडं जाऊन येतात. "बराबर हाये. आचारसंहिता लागली आसन ना तिकडंबी. आत्ता कोणताच कागद हालणार नाई."

आपल्याकडे आचारसंहिता लागून पाच दिवस झाले. पंचायतीत कोणी साधा नळ जोडून देत नाही. म्हणून तिकडंही तसंच! काका म्हणाले, "तेच म्हणतो मी." दोघं एकदम समाधानी.

माझा राग वेगळाच. आईनं काकांना माझी नर्सरी दाखवायला नेलं. अर्धा एकर, हिरवी शेडनेट, कोबी, टमाटर, मिरची, वांगी — ट्रेमध्ये रोपं अशी उभी की बघत राहावं. शिक्षण झाल्यावर चार वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. कामरगावच्या आजूबाजूचा अर्धा भाजीपाला माझ्या रोपांवर उभा आहे. काका म्हणाले, "मस्त हाये. लग्नाआंधी कोणाले तरी देऊन टाका."

देऊन टाका म्हणे. शेळी आहे का ती!

२१ ऑक्टोबर

देवा, बुवालाच निवडून आण. विसा बंद होऊ दे आणि मला इथंच राहू दे. लिहून टाकलं. आता बरं वाटतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी रोपांना पाणी देत होते, गजेंद्रचा फोन. तिकडं रात्र. घरच्यांनी "बोलत जा" म्हटलंय, म्हणून बोलायचं. मी ठरवलं होतं दोन मिनिटांत ठेवायचा. चाळीस मिनिटं झाली आणि वांग्याच्या ट्रेचं तळं झालं.

तो "तुमी" म्हणतो. आवाज साधा आहे. मी म्हटलं, तुमच्याकडे प्रचार कसा चालू आहे? म्हणाला, "भोंगा नाई, गाडी नाई, जेवणावळ नाई. लोकं आपल्या अंगणात पाटी रोवते, झालं." मला तर ते फारच अळणी वाटलं. आमच्याकडे सकाळपासून तीन गाड्या येऊन गेल्या, तीन पक्षांच्या, गाण्याची चाल तिघांची एकच.

मग त्यानं विचारलं, कोबीचं रोप किती दिवसांत निघतं, ट्रेतला नारळाचा भुसा, कोकोपीट, कुठून येतं, उन्हाळ्यात पाण्याचं काय. खोदून खोदून. मला वाटलं, वेळ काढतोय बिचारा.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाबांची पार पंचाईत झाली आहे! पारावर कोणीतरी सांगितलं की बुवा आला तर चीन त्याची सोयाबीन घेणार नाही, मग आपल्या सोयाबीनला भाव. आमची सगळी सोयाबीन मधल्या खोलीत पडलेली, भावाची वाट बघत. म्हणजे सोयाबीन म्हणते बुवा, पोरगी म्हणते बाई. जेवताना बाबा घास हातात धरून बसले होते.

आई म्हणाली, "इचार काय करता? पोरगी मोठी का सोयाबीन?"

बाबा म्हणाले, "पोरगीच मोठी हाये वो. पण सोयाबीनबी यंदा चांगली झाली ना."

बाबांनी शेवटी मारुतीला बाईसाठी नारळ कबूल केला. मला अगदी भरून आलं. आणि लाजही वाटली, कारण मी देवाकडे बुवाला मागून बसले आहे.

२९ ऑक्टोबर

ट्रे भरायला प्रयागबाई येतात. त्यांचा एकच प्रश्न — "त्या बाईचा नवरा काय करते?" मी म्हटलं, वकील आहे. "मंग तोच पाहीन कारभार. आपल्या सरपंचबाईचं नाई का, सही बाईची अन् खुर्चीत नवरा."

मी म्हटलं, तिकडं तसं नसतं. प्रयागबाई कोकोपीट दाबत म्हणाल्या, "नसन तं येऊ दे मंग तिले. पाहू तं एकदा कसं दिसते ते."

हे मी गजेंद्रला सांगितलं. त्यानं ऑफिसात सांगितलं. तिथली एक बाई म्हणे दिवसभर प्रयागबाईंबद्दलच विचारत होती. तिथं सगळे त्याला विचारतात, तुमच्या देशात लोक कोणाकडून आहेत? तो सांगतो, आमच्या घरी सोयाबीन एकीकडून अन् सोयरीक दुसरीकडून. त्यांना वाटतं गंमत करतोय.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फराळात चकल्या बिघडल्या, आईचा मूड बिघडला. बाकी छान.

गजेंद्रनं शेजारच्या घराचा फोटो पाठवला. म्हातारा-म्हातारी राहतात. फाटकाच्या डाव्या बाजूला म्हातारीची पाटी बाईची, उजव्या बाजूला म्हाताऱ्याची पाटी बुवाची! आणि संध्याकाळी दोघं एकाच झोपाळ्यावर. आमच्याकडे असं झालं असतं तर एव्हाना चुली वेगळ्या झाल्या असत्या. मी विचारलं, भांडत नाहीत? म्हणाला, "भांडते ना. पण पाटीवरून नाई, कुत्रं कोणी फिरवावं याच्यावरून."

मग म्हणाला, "तू असती तं कोणाची पाटी लावली असती?"

तू! तुमी नाही, तू. मी विषय बदलला. कान गरम झाले होते, हे इथं लिहायला हरकत नाही.

टीव्हीवर बाई पुढे दाखवत होते. सांगितलं त्याला, बाबा खूष आहेत म्हणून. त्यावर नुसतं "हं" म्हणाला. थकला असेल.

४ नोव्हेंबर, सोमवार

मला गजेंद्र आवडतो. झालं, एकदाचं लिहिलं!

पण आवडतो म्हणून काय शेडनेट गुंडाळून ठेवू? तिकडं मला काम करायची परवानगी वर्षानुवर्षं मिळणार नाही, हे त्यानंच सांगितलं. खोटं बोलत नाही तो. म्हणजे मी चार खोल्यांत बसून खिडकीतून बर्फ पाहायचा. वेडी होईन मी.

आणि बुवा आला तर? त्याची पाच वर्षांची नोकरी जाईल, आणि ते मी मागितलंय. चांगल्या माणसाचं वाईट चिंतून स्वतःचं भलं! अशी नव्हते मी. उद्या तिकडं मतदान. आज देवाला म्हटलं, तुझं तू बघ, मी काही मागत नाही.

५ नोव्हेंबर

मागितलं नाही म्हटलं तरी सकाळपासून मनात तेच. मिरचीच्या ट्रेत दोनदा खत टाकलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

बुवा आला.

सकाळपासून बाबा टीव्हीसमोर. आमच्या घरात आमदारकीच्या निकालालाही एवढी माणसं जमत नाहीत. कोणाला काही कळत नव्हतं, पण नकाशावर बुवाचा लाल रंग वाढला की सगळे "अरे अरे" करत होते. एकानं विचारलं, "टपाली मतं मोजली का?" एकानं विचारलं, "डिपॉझिट कोणाचं गेलं?" दुपारपर्यंत स्पष्ट झालं. बाबा उठले, चप्पल घातली, परत काढली.

म्हणाले, "संपलं. उद्या शपथ घेईन तो, परवा विसा बंद."

आपल्याकडे निकाल लागला की आठ दिवसांत बंगले बदलतात, तेच डोक्यात. आणि तिथंच त्यांनी बापूराव काकांना फोन लावला! मी हात धरेपर्यंत बोलून मोकळे. "आमी पोरगी अमेरिकेच्या भरवशावर देत होतो. आता तुमच्या पोट्ट्याची नोकरी नाई राह्यली तं..." तिकडून काय आलं ते फोन कानाला न लावताही ऐकू आलं. "माहा पोट्टा काय रस्त्यावर पडला काय जगदेवराव? अन् तुमी कोन मोडनारे, आमीच मोडतो!"

दोघांनी मिळून मोडली. नर्सरी वाचली.

संध्याकाळी गजेंद्रचा फोन आला, नेमका मी शेडनेटमध्ये असताना. "झालं पाहाय" एवढंच म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. रडत होता बहुतेक. मी म्हटलं, काळजी करू नका. तिथं मी परत "तुमी"वर गेले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मीच फोन केला. म्हटलं, किती दिवसांत निघावं लागेल? म्हणाला, "कायले निघू? नवा बुवा बसते जानेवारीत." अडीच महिने जुनेच! आणि बसल्यावरही म्हणे लगेच असं काही होत नाही. मी म्हटलं, मग आमच्या बाबांनी हे काय करून ठेवलं? तो म्हणाला, "राहू दे. दोन्ही म्हातारे गरम हायेत."

राहू दे? बस, एवढंच? मी पण म्हटलं, राहू दे. ठेवला.

१० नोव्हेंबर

तीन दिवस फोन नाही. रोपांना पाणी द्यायला पंधरा मिनिटं लागतात. आधीही एवढीच लागायची, हे मी विसरूनच गेले होते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज बाबांना सांगितलंच. कारण मला राहवेना. नर्सरी माझी राहिली, सगळं माझ्या मनासारखं झालं, आणि मी कोबीच्या रोपांसमोर उभी राहून रडते, हे काय चाललंय! म्हटलं, बाबा, तुम्ही घाई केली. तिकडं निवडून आलेला माणूस जानेवारीत बसतो.

बाबा म्हणाले, "निवडून आलेला मानूस अडीच महिने घरी बसते? अन् हारलेला खुर्चीवर? तुले कोनं सांगतलं हे?"

मी म्हटलं, गजेंद्रनं.

"पोट्टा चांगला हाये, पण घाबरून गेला आसन. तुले बरं वाटाव म्हून सांगून राह्यला."

पारावर जाऊन त्यांनी हे सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचं मत पडलं की असं जगात कुठं होत नाही. मोबाईलवर दाखवलं तर म्हणे, मोबाईलवर काहीही येते.

आई मात्र रात्री भाकरी वाढताना हळूच म्हणाली, "तुले तो लय आवडला का वं?" मी हो म्हटलं. तिनं भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं.

१७ नोव्हेंबर

गजेंद्रचा फोन बंद लागतो. दोन दिवस झाले. मिरचीच्या, टमाटरच्या रोपांची गाडी आली, गेली. गिऱ्हाइकांवर उगाच खेकसते आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मत दिलं. दुपारी फाटकाशी गाडी थांबली. बापूराव काका उतरले, मागून गजेंद्र! बोटाला शाई. इंझोरीत मत देऊन थेट इकडं.

काका बाबांसमोर हात जोडून म्हणाले, "जगदेवराव, तुमी म्हणत होते तेच झालं. सरकार बदललं, पोट्ट्याले याव लागलं. आता इथंच राहीन. चालत आसन तं बोला." बाबांना आपण बरोबर ठरल्याचाच एवढा आनंद झाला की बाकी सगळं ते विसरले. "मी म्हनलो नव्हतो का!" म्हणत त्यांनी स्वतः जाऊन सुपारी आणली.

गजेंद्र ट्रे बघायला म्हणून शेडनेटमध्ये आला. मी म्हटलं, नोकरी गेली ना? म्हणाला, "नाई. विसा ऑक्टोबरातच वाढला होता, तीन वर्षं. मीच सोडली. आवरून निघेपर्यंत तुलेबी सांगतलं नाई." वापस यायचं त्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं, पण काकांना सांगायची हिंमत नव्हती. बुवा निवडून येईल या एका आशेवर बसला होता. सहा तारखेला फोनवर तो रडत नव्हता, हसू आवरत होता.

मी म्हटलं, मी पण बुवाकडूनच होते. आधी त्याला खरं वाटेना. मग दोघं इतके हसलो की प्रयागबाई कोकोपीटचे हात घेऊन धावत आल्या.

निघताना म्हणाला, "तुह्या बाबाले जानेवारीचं पुन्हा सांगू नोको."