बेंजोवरच्या टिकल्या

अहो,

हे "अहो" वाचून हसू नका. आधी "प्रिय" लिहून पाहिलं, पण पुढं नाव लिहायला पेन उठेना. अख्ख्या संसारात तुमचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं. तेव्हा आता अहोच.

लिहायला बसले, कारण काल किसनभाऊजी आले होते. परवा तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, आणि विहारात तुमचीच गायनपार्टी गाणार आहे. पेटी तेच वाजवणार. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, शेवटची भैरवी तुमच्या हातनं व्हयाला पायजे. दादाच्या बेंजोवर." आणि मी हो म्हणून बसले! ते वरवंडच्या फाट्यापर्यंत पोचलेही नसतील, तोवर बेंजो मांडीवर घेऊन मी रडत होते. येत नाही हो मला.

आठवतं ना? पाटसच्या कारखान्यातून तुम्हाला घरी आणलं तेव्हा लकव्यानं उजवी बाजू गेलेली. तोंड वाकडं झालं त्याचं तुम्हाला काही नव्हतं. पण उजवा हात उचलत नाही हे कळलं आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपलात. बेंजोच्या तारा छेडायच्या त्या उजव्यानंच. डावा नुसता टाइपरायटरसारखी बटणं दाबणार. दौंडच्या बाजारातून एवढ्या हौसेनं आणलेला बेंजो कपाटावर धूळ खात पडला.

मग एकदा मी अंगणवाडीतून आले तर म्हणालात, "अगं, तुजा उजवा हात दे." मला वाटलं उठून बसायचंय. तर बेंजो खाली काढायला लावलात आणि माझ्या हातात ती प्लॅस्टिकची पत्ती दिलीत. "मी बटणं दाबतो, तू तारा छेड. निस्तं खाली-वर." आपल्या दोघांचा मिळून एक बेंजोवाला झाला! दिवसाढवळ्या तुमच्या खांद्याला खांदा लावून बसायची मला लाज वाटायची. पण खरं सांगू? लग्नानंतर इतकं जवळ बसायला मिळालं तरी कधी होतं? कारखान्याचा सीझन संपला की तुमचे कार्यक्रम, कार्यक्रम नसले की रिहर्सल.

तिथंच थांबायचं होतं ना! पण तुम्ही हात काढून घेतलात. "आता दोन्ही हातानं तूच वाजीव. मी किती दिस बटणं दाबायची?" मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. आणि शिकवायचं तर काय, भैरवी! जी तुमच्या पार्टीत अगदी शेवटी वाजते आणि वाजली की पेटीवर झाकण पडतं. एखादं सुरुवातीचं शिकवा म्हटलं, तर म्हणालात, "सुरवात कुणीबी करतं."

मला कोमल रे, कोमल ग काही केल्या पाठ होईना. शेवटी तुम्ही माझं टिकल्यांचं पाकीट मागितलंत. डाव्या हातानं, जीभ दातात धरून, भैरवीला लागतात त्या बटणांवर एकेक लाल टिकली चिकटवलीत. "लाल सोडून कुठं हात लावायचा न्हाई." पाकीट संपलं आणि कोमल धैवत राहिला. "कपाळ आण हिकडं," म्हणालात, आणि माझ्या कपाळावरची काढून बटणावर लावलीत. किती हसलो होतो आपण!

मी टिकल्या बघून वाजवायचे. तुम्ही ओरडायचात, "डोळं मीट! कानानं वाजीव!" मी म्हणायचे, कशाला? टिकल्या काय पळून जाणार आहेत?

पळाल्या हो. तुम्ही गेलात त्या दिवशी शिरूरहून तुमच्या आत्याबाई आल्या आणि त्यांनी आधी माझं कपाळ पुसलं. "आत्या, आपल्यात ह्ये करत न्हाईत," असं किसनभाऊजी म्हणालेसुद्धा. पण त्या थकल्या जिवाला कोण अडवणार? तुम्हाला अंगाखांद्यावर वाढवलेली बाई ती. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बेंजोवर गेली. "आगं बया, हितंबी हायेत!" नखानं एकेक टिकली खरवडली आणि ओल्या फडक्यानं सगळी बटणं पुसून काढली. पुसताना त्या हमसून रडत होत्या. त्यांचा काय दोष? त्यांच्या लेखी टिकली म्हणजे टिकली. मी समोर बसून बघत होते.

तेव्हापासून चाचपडतेय. नवं पाकीट आणलं. अंगणवाडी सुटली की बसते, स्वर सापडला की टिकली लावते. रे सापडला, ग सापडला, बाकीचेही हळूहळू सापडले. पण तो धैवत! पंचमापर्यंत नीट चढते आणि पुढं सगळं घसरतं. एक बटण दाबलं तर नुसतंच गोड लागतं, आणि तुमची भैरवी गोड कुठं होती? शेजारचं दाबलं की वाटतं हेच. दुसऱ्या दिवशी तेच परकं वाटतं.

भाऊजींना विचारलं तर ते बसल्या जागी दाखवतील. काल जाताना म्हणालेसुद्धा, "न्हाईच जमलं तर पार्टीतलं पोरगं कीबोर्डावर वाजवंल." पण माझ्या कपाळावरची काढून तुम्ही जिथं लावलीत ती जागा दुसऱ्यानं दाखवायची? माझ्याच्यानं नाही होत. हट्टी म्हणा, काहीही म्हणा. टिकल्या निघाल्या तर काय करायचं, एवढं तरी सांगून जायचंत ना!

परवा मी बसेन. पंचमापर्यंत जाईन, डोळे मिटेन आणि पुढचं बटण दाबेन. चुकलं तर चारचौघांत चुकेल. भैरवी अर्धी राहिली तर कार्यक्रम अजून संपलेला नाही असं समजा.

धैवताची टिकली तेवढी लावायची उरलीय. जागा सापडेपर्यंत ती ठेवायची कुठं? म्हणून परवा ती माझ्या कपाळावर लावून येणार आहे. आत्याबाई पहिल्या रांगेत असतील. असू देत. धैवत सापडला की त्याच दिवशी काढून बटणावर लावीन, हा माझा शब्द. तोवर कुणालाही हात लावू देणार नाही.

तुमचीच,
अगं