चकती की हब

८ ऑक्टोबर १९७२, रविवार

रिम फुटली! डाव्या पुढच्या चाकाची. टाकी भरून गाडी विहिरीवरून वर काढत होतो, बांधाच्या चढावर 'कड्' असा आवाज झाला आणि गाडी एका कुशीवर बसली. आत सहाशे गॅलन पाणी. उतरून पाहिलं तर रिमला बोटभर भेग. बाकीच्या रिमा कानस घेऊन खरवडून पाहिल्या — केसाएवढ्या चिरा सगळ्यांनाच.

मी मात्र शाबूत आहे. हेच भिवघाटाच्या उतारावर झालं असतं तर आज ही वही बायकोच्या, शालूच्या हातात असती. देवा, तुझे उपकार.

पाणी परत विहिरीत सोडलं. भिवघाटाखालच्या वाडीला आज पाण्याची खेप नाही. रस्त्याला येऊन बसले असतील सगळे.

९ ऑक्टोबर, सोमवार

फुटकी रिम पोत्यात घालून एस.टी.नं सांगली. विश्रामबागेच्या पुढं नाथाजी मिस्त्रीचं लेथ. रिम बघून आधी पोटभर हसला. "मानसिंगराव, ही डिस्पोजलची, लढाईनंतर लष्करानं इकलेली गाडी. हिची चाकं बनवनारं बी आता ऱ्हायलं नसतील!"

म्हणजे टाटाची चाकं घालायची, ती कुठंही मिळतात. पण आपल्या हबला — चाक ज्यावर आवळतात त्या तुंब्याला — सहा बोल्ट, टाटाच्या चाकाची भोकं जास्त आणि घेरही वेगळा. दोन रस्ते आहेत. एक — मध्ये जाड पोलादी चकती घालायची. मिस्त्री तिला अडाप्टर म्हणतो. चकती हबला आवळायची, चाक चकतीला आवळायचं. चार-पाच दिवसांत गाडी रस्त्यावर. दुसरा — हबच बदलायचे. टाटाचे हब आणून, बेअरिंगची जागा लेथवर कातून, ड्रमसकट आपल्या ॲक्सलला बसवायचे. बारा दिवस तरी.

"हबच बदला," मिस्त्री म्हणाला. "चकतीनं चाक भाईर येतंय. बेअरिंगवर भार येतोय. आतलं नट झाकून जात्यात, ढिलं झालं तरी दिसत न्हाईत. वाळू न्यायची आसती तर मी डोळं झाकून चकती घातली आसती. तुमचं पानी टाकीत हलतंय!"

मी म्हणालो, "आणि बारा दिवस तिकडं माणसं काय पितील?"

मिस्त्रीनं पोऱ्याला हाक मारली. मला चहा पाजला. भला माणूस.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मेंढका धुळा आला. काल दुपारी वाडीहून निघालेला, खांद्यावर घोंगडं, पायांवर ढोपरापर्यंत धूळ. मला वाटलं, पाण्याचं विचारायला आला. तर नाही! "गाडी आली न्हाई म्हंजी तुमालाच कायतरी झालं आसंल, आई म्हनली जाऊन बघून ये."

भरून आलं मला. ते दिसू नये म्हणून उगाच शालूवर ओरडलो, की भाकरीला एवढा वेळ का लागतोय. ती आत जाऊन हसली.

धुळ्याचा बाप आमच्या रानात मेंढ्या बसवायचा, बापामागं हा बसवतो. त्या लेंडीखतावर आमचा ऊस उभा आहे. फौजेतली बारा वर्षं सोडली तर मी त्यांच्याच जिवावर जेवलो म्हणायचं. यंदा त्यांची विहीर तळाला गेली, आमची टिकून आहे. दर तिसऱ्या दिवशी एक खेप नेतो, यात माझा मोठेपणा कसला!

एरवी अशा साली धुळ्यानं मेंढरं घेऊन केव्हाच पश्चिमेची वाट धरली असती. पण त्याच्या आईला, हरणाबाईला, आता चालवत नाही. वाडी म्हणजे नऊ घरं, सगळी तिचीच लेकरं-नातवंडं. ती हलत नाही म्हणून कुणीच हलत नाही. माझ्या पाण्यावर तग धरून आहेत.

ठरलं. चकती!

११ ऑक्टोबर, बुधवार

स्टेपनी घालून रिकामी गाडी हळूहळू सांगलीला नेली. मिस्त्रीला सांगितलं, चकती. "बरं," म्हणाला. पुन्हा एकदा डोळ्यांत बघून "बरं" म्हणाला.

१५ ऑक्टोबर, रविवार

गाडी तयार! टाटाची चाकं घालून अशी रुबाबात उभी, की सासुरवाडीला निघालेला जावईच. चकत्या सुबक झाल्यात, मिस्त्रीच्या हाताला तोड नाही.

निघताना त्यानं दोनदा बजावलं. "घरापतोर चालली की चकती जाग्यावर बसती आन् नट ढिलं पडत्यात. उद्या गाडी गार आसताना चाकं काढायची, आतलं नट पुन्यांदा आवळायचं. मगच टाकी भरायची. इसरायचं न्हाई!"

विसरतोय कशाला! बारा वर्षं सरकारी गाड्या चालवल्या मी.

१६ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

रात्र बरीच झाली. पण लिहायचंच.

शालूनं कालच संध्याकाळी पाना, टॉमी, जॅक, हातोड्या सगळं घासून-पुसून ठेवलं होतं. सकाळी उठलो तर पाटावर मांडलेलं. शेजारी नांगराचा फाळ, विळे, खुरपी. हळदकुंकू वाहिलेलं, यंदा मिळाली तेवढी झेंडूची चार फुलं. आज हत्यार उचलायचं नसतं. वडिलांनी कधी उचललं नाही. आमच्या पलटणीत तर रायफलीपासून पान्यापर्यंत सगळं पूजेला बसायचं.

गाडीही आज चालवायची नसते. पण वाडीच्या तीन खेपा चुकल्या. म्हणून नारळ फोडला, बॉनेटवर हात ठेवून गाडीची माफी मागितली, टाकी भरली आणि निघालो. म्हणजे गाडी चालवलेली देवाला चालते, आणि पाना उचललेला चालत नाही! हा कायदा कुणी केला? मीच. उद्या दसऱ्याची पूजा झाली की आतले नट आवळू म्हणालो.

भिवघाट उतरलो. वाडी दीड मैल राहिली होती. रस्त्याच्या कडेला धुळा मेंढरं घेऊन उभा. लांबूनच दोन्ही हात वर करून ओरडत सुटला. मला वाटलं, आनंदानं. मीही हॉर्न दिला! तर तो सरळ गाडीसमोर येऊन उभा राहिला. करकचून ब्रेक मारला.

"आवं, चाक डुलतंय! डावं चाक डुलतंय!"

हात लावून पाहिलं तर सगळं चाक चकतीसकट खुळखुळतंय. आणि पाना घरी पाटावर, हळदकुंकू लावून. चाक घाटात निघालं असतं तर मी गेलोच होतो. आणि इथं निघालं असतं तर धुळ्यावर. तो समोर उभा होता.

धुळ्यानं पोराबाळांना हाका मारल्या. अख्खी वाडी आली. हंडे, घागरी, कळश्या. दीड मैलाच्या खेपा, पण रांगेनं. कुणी गडबड केली नाही, कुणी पुढं घुसलं नाही, थेंब सांडला नाही. हरणाबाईला दोघांनी घोंगड्याच्या झोळीत घालून आणलं — तिला मला बघायचं होतं म्हणे. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी पाणी द्यायला गेलो होतो, आणि दृष्ट माझी काढली!

दुपारी एस.टी. आली. ड्रायव्हरकडं पाना मागितला तर म्हणतो, "तुमचा कुठं गेला?" सांगितलं. पोट धरून हसला, पण खाली उतरून मदत केली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. सुखी राहो. चाक काढलं, तर आतल्या सहातले तीन नट हातानं फिरत होते आणि एक बोल्ट तुटलेला; उरलेले पाच आवळले.

मग खरं ते सगळ्यांसमोर बोललो. "चकतीवर भरलेली गाडी आणायची तर प्रत्येक खेपेला चाकं काढून नट आवळायला हवेत. आवळीन मी. पण या रस्त्यावर माझा आता भरवसा नाही. हब बदलायचे तर बारा दिवस पाणी नाही. तुम्ही सांगाल तसं."

धुळा आईकडं बघायला लागला. म्हातारी म्हणाली, "बारा दिस? त्येला काय हुतंय! आजचं पानी हाय की. तू चाक नीट करून ये, लेकरा."

"काढतो आमी," धुळा म्हणाला. "तुमी बिनघोर जावा."

बैलगाडीच्या चालीनं घरी आलो. अशी माणसं मला भेटली, मी काय पुण्य केलं होतं!

१७ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

शालूला सगळं सांगितलं. तिनं पाटावरचा पाना उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "म्होरल्या वर्सी पाना पूजेला मांडनारच न्हाई मी. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन." मग पदर डोळ्याला लावला. संध्याकाळी आपट्याची पानं हातात देताना पाया पडायला वाकली, तर मीच तिला थांबवून नमस्कार केला. काय हे, म्हणून लाजली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

नाथाजी मिस्त्रीसमोर मान खाली घालून उभा राहिलो. वाटलं, आता शिव्या घालतो. त्यानं तुटलेला बोल्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि टेबलावर ठेवला. "माझी चकती वाईट न्हाई, तुमचं आवळनं ऱ्हायलं. पर जीव ऱ्हायला न्हवं? मग झालं. हब आनू या."

२१ ऑक्टोबर, शनिवार

हब मिळाले. कोल्हापूरहून. जुने, पण निकोप.

२५ ऑक्टोबर, बुधवार

सांगलीतच मुक्काम. दिवसभर लेथपाशी उभा असतो. मिस्त्री हबच्या पोटातून केसभर-केसभर कातून काढतो, बेअरिंग लावून बघतो, पुन्हा कातू लागतो. घाई कर म्हणायचं जिभेवर येतं आणि गिळतो. एकदाच घाई करून पाहिली आहे!

आज सातवा दिवस. वाडीतली मडकी रिकामी झाली असतील. जेवताना पाण्याचा तांब्या उचलला की म्हातारी आठवते. मिस्त्रीची बायको म्हणाली, "भाऊजी, न्हाई जेवलासा तर हब लवकर व्हनार हाय का?" आणि आणखी एक भाकरी वाढली. इथंही माझं नशीब चांगलंच.

३० ऑक्टोबर, सोमवार

झालं! चाक हातानं फिरवलं तर फिरतच राहिलं, आवाज म्हणून नाही. टाटाचे हब, टाटाची चाकं, मध्ये काही नाही. मिस्त्रीला मिठीच मारली. कपडे ग्रीसनं भरले, भरू देत. गाडी दिल्यापासून बरोबर बारावा दिवस. त्यानं शब्द पाळला.

आजच घरी पोचलो, टाकी भरून ठेवली. उद्या पहाटे वाडी!

३१ ऑक्टोबर, मंगळवार

वाडी रिकामी. नवातल्या आठ घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या.

हरणाबाई तेवढी दारात बसलेली. तिची भाची शेजारच्या गावाहून भाकरी आणून देते. त्या दिवशीचं उरलेलं पाणी रांजणांत भरून तिच्यासाठी ठेवलं आणि दसऱ्यालाच मेंढरं घेऊन वाडी उठली. बारा दिवस काढता येणार नाहीत, हे माझ्याशी बोलतानाच त्यांना ठाऊक होतं. नेहमीसारखे आमच्या कडेगाववरून गेलेसुद्धा नाहीत, मायणीच्या बाजूनं लांबचा फेरा घेतला — मला दिसू नयेत म्हणून.

"तुला कळलं आसतं तर तू तसल्याच चाकावर पानी घिऊन आला आसतास," म्हातारी म्हणाली. "धुळा म्हनला, आई, मानूस मरंल त्यो. मीच म्हनलं मग, मला ठिवा आन् तुमी निघा."

तिला उचलून केबिनमध्ये बसवलं आहे. टाकी तशीच भरलेली. धुळा जिथं असेल तिथं निघालोय.