कोरड्या रौद्यातलं पाणी

८ जानेवारी २००४, गुरुवार

आज कतारच्या आभाळाविरुद्ध तक्रार नोंदवत आहे! सकाळी गाडी धुतली. दुपारच्या आत उत्तरेचा वारा ओंजळी भरभरून धूळ घेऊन हजर. दोह्यातल्या आमच्या बिन महमूद वस्तीत एवढ्या गाड्या, पण वाऱ्याची ओळख फक्त माझ्याशी! सुगरा म्हणते, "तुम्ही गाडी धुता म्हणूनच वारा सुटतो." संसारात एवढं श्रेय प्रथमच मिळालं.

९ जानेवारी, शुक्रवार

मी, सुगरा आणि तिचा भाऊ राहिल — डबे घेऊन एका रौद्यात. रौदा म्हणजे वाळवंटातली बशीसारखी खोलगट जमीन. पाऊस झाला की चहूकडचं पाणी तिथे उतरतं. एरवी ठणठणीत कोरडी.

राहिल म्हणाला, "दुल्हाभाई, गाडी वर सडकेशीच राहू दे. पश्चिमेला काळं झालंय."

"रत्नागिरीचा ना रे तू? आभाळ शिंकलं तरी छत्री उघडतोस!" त्याच्या हातातून किल्ल्या ओढल्या. त्याचीच गाडी — पहिलीच, तीन महिने जुनी — खाली बाभळीच्या सावलीत लावून आलो.

उंचवट्यावर जेवायला बसलो. आमच्यावर थेंब नाही, लख्ख ऊन! पाऊस पडला तो लांब पश्चिमेला. जमीन फरशीसारखी, पाणी मुरणार कुठे? कोकणातला पाऊस ढोल बडवत येतो. हे तपकिरी पाणी चोरपावलांनी आलं. आधी चाकं गेली, मग दारं.

राहिल कमरेएवढ्या पाण्यात उभा. दाराची मूठ ओढत होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ जानेवारी

गाडी खलास. इंजिनात चिखल.

१६ जानेवारी, शुक्रवार

वलीभाईंकडे दावत. त्यांच्या मुलीसाठी, नूरीसाठी, राहिलचं बोलणं चाललंय. कुणीतरी गाडीचं विचारलं आणि माझी जीभ सुटली — "आमचे मेव्हणे! वाळवंटात गाडी बुडवणारे पहिले कोकणी!" पोहण्याचे हातवारेही केले. माणसं लोळली. राहिल ताटात बघत राहिला.

परतताना सुगरा म्हणाली, "गाडी खाली कुणी नेली?"

"अगं, विनोदात तपशील बघत नाहीत."

ती खिडकीकडे वळली. अजून वळलेलीच आहे.

२० जानेवारी

वलीभाईंचा फोन. "मुलगा नेक आहे, बशीरभाई. पण ओढ्याच्या वाटेत गाडी लावणाऱ्याच्या हाती मुलगी कशी द्यायची? नूरीचं थांबवू या."

हो-हो म्हणालो. दोनदा!

संध्याकाळी राहिल आला. "दुल्हाभाई आहेत?" मी न्हाणीघरात शिरलो, नळ सोडून बसलो. तो जाईपर्यंत. अंगावर पाणी घेतलंच नाही. या वयात!

२३ जानेवारी, शुक्रवार

वलीभाईंकडे फर्माईश झालीच — "तो गाडीचा किस्सा!" सांगितला. हातवारे न करता. राहिल नको म्हणत होता, मी किल्ल्या ओढल्या, मी लावली. कुणी हसलं नाही.

 वलीभाईंनी फोन उचलला. "राहिल? कुठे आहेस? यल्ला, चल, जेवायला ये."

मी दस्तरखानावर जरा सरकलो. एका माणसाची जागा झाली.