भोपळ्याची फोड

मेक्नेस, १८ फेब्रुवारी १९८९

ती. रकियाताईस अल्लालचा सप्रेम सलाम. वि. वि.

बुश्तादादा रुग्णालयातून घरी आला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून उजवी बाजू लुळी पडली, वाचाही अडखळते. गोळ्या आता जन्मभर. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने मोलाचे, पुढेही सुधारणा होते. हात किती सुधारेल ते सांगता येत नाही. आपल्या दारी प्रथमच कुणी अज्ञान कबूल केलं, म्हणून माझा विश्वास बसला.

काल शुक्रवार. रिवाजाप्रमाणे सगळे कुसकुसच्या एकाच परातीभोवती बसलो. वहिनीने मायेने त्याच्या डाव्या हातात चमचा दिला. दादाने तो ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. परातीत डावा हात घालायचा नाही, हे आईने चापट्या मारून शिकवलेलं. आता खोलीत वेगळा जेवतो, वहिनी भरवते. तू येऊन दरडाव. मला तो अजून बाळच समजतो.

आपला,
अल्लाल

उज्दा, २५ फेब्रुवारी

चि. अल्लाल यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

पाय प्लास्टरमध्ये, उडत येऊ का? अरे, त्याचा हट्ट हेच औषध आहे. इथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. गिळताना ठसका लागत नसेल, तर उजव्याच हाताने खाऊ द्या म्हणाल्या. कुसकुसच्या वाफवलेल्या रव्याचा लाडू वळताना बोटं मिटतात, उघडतात. सांडलं तर सांडू दे. वहिनीला सांग, भरवत राहिलीस तर हात निजूनच राहील.

परातीत लाल भोपळा त्याच्या बाजूला ठेवा. लहानपणी आईची नजर चुकवून तो आपली फोड माझ्याकडे सरकवायचा. केवढा त्याग, असं मला वाटे. त्याला भोपळा आवडत नाही, हे माझ्या लग्नानंतर कळलं.

माया पातळ करू नकोस.
ताई

मेक्नेस, १ एप्रिल

ती. ताईस सलाम. वि. वि.

आज्ञा पाळली. पहिल्या शुक्रवारी दादापेक्षा सतरंजीच जास्त जेवली. वहिनी डोळे पुसत बसली. मला हसू आवरेना, तर दादा स्पष्ट म्हणाला, गाढव. आजारानंतरचा पहिला शुद्ध उच्चार. मी कृतार्थ झालो.

मूठ अजून पुरती उघडत नाही. पण काल त्याने लाडू वळला, वेडावाकडा. आता तोंडात घालील म्हणून सगळे बघत राहिलो. त्याने तो बाजूला ठेवला, उजव्या हाताचं बोट भोपळ्याच्या फोडीला टेकवलं आणि परातीच्या कडेकडेने तिला ढकलू लागला. फार वेळ लागला. मदतीला कुणी हात घातला नाही. फोड तुझ्या रिकाम्या जागेपुढे पोचली, तेव्हा तो लाडू खाऊ लागला.

ती कुणी खाल्ली नाही. पाय बरा झाला की ये; तुझा वाटा मांडून ठेवला आहे.

लोभ होता तसाच असू दे.
तुझा,
अल्लाल