चौदा नंबरच्या गोळ्या

४ ऑगस्ट

चौदा नंबरची शिलाईवाली मावशी खोटं बोलते. लिहूनच ठेवते.

गेल्या खेपेला रक्तदाब १६८. आज १७४! आणि गोळ्यांचं पाकीट बघावं तर चकाचक रिकामं — तीसच्या तीस. जुनं पाकीट दाखवल्याशिवाय नवं द्यायचं नाही, असा आमच्या कॉलेजच्या स्वयंसेवकांचा नियम. वस्तीत बाकी सगळ्यांच्या दोन-चार गोळ्या उरतातच, विसरतात बिचारे. हिची एकही नाही. मग दाब उतरत का नाही?

"रोज घेता ना मावशी?"

"घेते की." मशीन थांबवलंसुद्धा नाही.

दिलं नवं पाकीट. आई म्हणते, मला दुधात नसलेली माशीपण दिसते. दिसत असेल. पण कधीकधी असतेही!

११ ऑगस्ट

आमच्या गटाच्या प्रमुख ताई आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "औषध सगळ्यांपर्यंत सारखं पोचतंय का, ते बघायला पाठवलंय तुम्हाला. चोर पकडायला नाही." बघत माझ्याकडेच होत्या.

सारखं कसं पोचणार, मधेच कुणी हात मारत असेल तर? आणि मला शिकवू नये. उन्हाळ्यात या वस्तीची औषधाची यादी मीच साफ केली. तीनदा जाऊन दार बंद दिसलं की 'इच्छुक नाही' लिहायचं आणि नाव कमी करायचं. बावीस नावं उडवली, एकटीने! ज्यांना गरजच नाही त्यांच्यासाठी उन्हातान्हात तंगडतोड कुणी करायची?

१४ ऑगस्ट

कॉलेजच्या जिन्यातून माझी छत्री गेली. फरशी पुसणाऱ्या काकू सकाळी सहापासून चारपर्यंत तिथेच असतात. विचारलं तर म्हणे, "छत्रीचं मला काय विचारतेस? आधी ओल्यावरून पाय काढ. कितीदा सांगायचं!"

उलट्या बोंबा. लक्ष ठेवायला हवं.

१६ ऑगस्ट

छत्री सापडली. माझ्याच कपाटामागे. कुणाला सांगणार नाही.

२५ ऑगस्ट

सापडलं!! मावशीच्या मशीनच्या खणात ब्लेड, ब्लेडला पांढरी भुकटी. खण उघडाच होता. बरं, थोडासा ओढला मी.

बाहेर येऊन नळाशी रेंगाळले, बाटली भरायचं निमित्त. दहा मिनिटांत मावशी बाहेर. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हातात फुलाफुलांच्या चिंधीची एवढीशी पुरचुंडी. शेजारच्या दाराला कुलूप, तरी खालच्या फटीतून ती आत सरकवली आणि गेली परत. आत माणूस नाही आणि माल आत! म्हणजे गिऱ्हाईक चांगलंच मुरलेलं दिसतंय.

ताईंना सांगितलं.

"खात्री आहे?"

"डोळ्यांनी पाहिलं."

"मग तिला विचारलंस का?"

चोराला कुणी विचारतं का, तू चोर आहेस का म्हणून? तीन तारखेला पाकीट द्यायला त्याही येणार आहेत.

३ सप्टेंबर

ताईंची मीटिंग निघाली. "तू पाकीट देऊन ये, बाकीचं नंतर बोलू," म्हणाल्या.

मी दिलं नाही. "संपलीत, पुढच्या आठवड्यात," म्हटलं. पिशवीत होतं. पण इतकं दिसत असताना चोराच्या हातात किल्ली कोण देतं?

वाटलं होतं, भांडेल. नाही भांडली. चष्मा वर केला आणि म्हणाली, "बाई गं, अर्धं तरी बघ ना कुठून. माझं राहिलं तरी चालेल."

माझं राहिलं तरी! मग कुणाचं हवंय? वर तोंड करून घासाघीस! दाब १७८. या आकड्याला मेंदूतली नस कधीही फुटू शकते, हे पुस्तकात मीच दोनदा अधोरेखित केलंय. तरी जीव तुटला नाही माझा.

थोडा तुटला.

८ सप्टेंबर

काकू आज जिन्यातच बसल्या, डोकं धरून. मला बघून नेहमीचं ओरडायला गेल्या, पण शब्दच नीट येईना. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. दाब मीच मोजला. २१४. पुन्हा मोजला. २१४.

गाडीत घालताना त्यांच्या एप्रनचा खिसा उलटला. फडकं, किल्ली आणि फुलाफुलांची चिंधी.

उलगडली. रिकामी. पांढरी भुकटी नुसती.

९ सप्टेंबर

सकाळीच मावशीकडे गेले. पाकीट पुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

"ती बोलते का?"

"अजून नाही."

तेव्हा रडली. मग सांगितलं. काकू तिच्या शेजारच्या. काकूंचं नाव यादीतून गेलं, का ते कुणी सांगेना. कामावर खाडा करून कुठे विचारत फिरणार? "मग मी माझीच गोळी अर्धी करत गेले. दोघी अर्ध्या-अर्ध्या तर जगू म्हटलं. तुला सांगितलं असतं तर माझीपण बंद केली असतीस."

केलीच होती.

१० सप्टेंबर

उन्हाळ्यातली यादी काढली. पंधरा नंबर. सकाळी अकरा, दार बंद. सकाळी अकरा, दार बंद. सकाळी अकरा, दार बंद. इच्छुक नाही.

सकाळी अकराला काकू आमचा जिना पुसत होत्या.

खाली सही माझी.