सखारामच्या मेंढरांचे दैनिक दर्शन

१९ एप्रिल, रविवार
परदेशवासाचा चोविसावा दिवस. स्थळ उत्तर इंग्लंड, कन्या अनुजाचे घर. वसंत ऋतू चालू असल्याचे भिंतीवरील कॅलेंडर सांगते. अस्मादिक दोन स्वेटरांत. नात अकरा दिवसांची. रुदनाचा स्वर उच्च, सातत्य स्पृहणीय.

प्रातःकाळी बाळूचा फोन. (दिवंगत ज्येष्ठ बंधूंचा चि.; बीडजवळच्या पालीला तीर्थरूप आबांजवळ तोच राहतो.) "तात्या, गेली. समदी. व्यापाऱ्यानं काल टेम्पो लावून नेली."
मी "बरं" म्हणालो. पंचवीस वर्षे संस्कृत शिकवून ऐन वेळी हाती एवढाच शब्द लागला.

नंतर सारवासारव करता येऊ नये म्हणून स्वच्छ लिहून ठेवतो. निर्णय माझा. दिवाळीत आबा ओढ्यात घसरून पडले, कंबर दुखावली. बाळूला बीडमध्ये टेम्पोवर नोकरी लागली. मेंढरे राखणार कोण? आबांना विचारले असते तर काय म्हणाले असते ते ठाऊक होते, म्हणून विचारले नाही. पणतीचे मुख दाखवण्याच्या निमित्ताने त्यांना सातासमुद्रापार आणले आणि मागे कळप विकला.

अडचण एकच. रोज दुपारी दीडला, म्हणजे पालीत सायंकाळी सहाला, मेंढरे वाडग्यात, म्हणजे रात्रीच्या कुंपणात, शिरताना आबा व्हिडिओ कॉलवर पाहतात. हा नेम इथे आल्या दिवसापासूनचा. बाळूची योजना: शेजारच्या सखारामची मेंढरे दाखवायची. "मोबाईलात समदी काळीच दिसत्यात, तात्या."
योजना मेंढपाळाच्या नातवाची. अनुमती मेंढपाळाच्या पुत्राची.

२१ एप्रिल, मंगळवार
दोन दिवस रेंज नसल्याच्या सबबीवर काढले. आज प्रथम प्रयोग. नांदीलाच बाळूची घाई. त्याने मोबाईल असा गरगर फिरवला की मलाच भोवळ आली.
"दम धर की बे," आबा म्हणाले. "टेम्पो हाकतूस का?"
मग चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिले. एकेक मेंढरू आत जाईतो. शेवटी, "बरी हायत." मोबाईल माझ्या हाती देऊन खिडकीशी जाऊन बसले.
सौ. स्वयंपाकघरातून: "अहो, सांगून टाका त्यांना. मला नाही बघवत."
तिने न बघण्याची सोय आहे. कॉल मीच लावतो.

२ मे, शनिवार
प्रयोग बारावा. आबा आता निव्वळ प्रेक्षक उरलेले नाहीत, सूचना करतात.
"ती पांढऱ्या कानाची लंगडतीय. पुढचा उजवा खूर बघ. आत कायतरी रुतलंय."
"व्हय आबा, बघतो," बाळू म्हणाला. चार दिवस हाच संवाद. खूर अस्पर्शित.
आज नवे संकट. "सखा हाय का रं तिथं? बोलीव."
"सखातात्या गावाला गेल्यात, आबा."
त्याच क्षणी पडद्यामागे सखाराम खोकला. त्याचा खोकला पंचक्रोशीत विख्यात. आबा म्हणाले, "आला की राम राम सांग," आणि चहा मागितला.
अस्मादिक स्नानगृहात जाऊन पाच मिनिटे नुसते उभे राहिले.

१४ मे, गुरुवार
लिहावेसे वाटत नाही. लिहितो.
दुपारी आबांना फिरायला नेले. वेष: धोतर, कानटोपी, जावईबापूंचा कोट. गावाबाहेरच्या टेकडीवर इथली मेंढरे. पांढरीशुभ्र, धष्टपुष्ट, राखणदार शून्य. आबांना हे पटत नाही. "ह्यांचा धनी कुठं आसतूय?" रोज विचारतात.
दगडी भिंतीपलीकडे एक मेंढी पाठीवर उताणी, चारही पाय आभाळाकडे. मला वाटले पहुडली आहे. आबा भिंतीकडे निघाले. मी परक्याच्या हद्दीत शिरण्याचे कायदेशीर परिणाम या विषयावर प्रवचन आरंभले. दुसऱ्या वाक्याला आबा भिंतीपलीकडे होते.
मेंढीला कुशीवर लोटले, उभी केली, दोन्ही गुडघ्यांत धरून तिचा तोल सावरेतो उभे राहिले. "पोट फुगलंय. घंटाभर आशीच ऱ्हाती तर मेली आसती."
चारचाकी फटफटीवरून मालक आला. तांबूस, अबोल गृहस्थ. सगळे ध्यानी आल्यावर टोपी काढली. मग मला विचारले, यांची स्वतःची मेंढरे आहेत का, किती आहेत. दुभाषा मीच. प्रश्न मराठीत आणून आबांपुढे ठेवला.
आबांनी माझ्याकडे पाहिले. "सांग की, मास्तर. किती हायत?"
मी जुना आकडा सांगितला. इंग्रजीत.
ज्या कंबरेची सबब पुढे करून कळप विकला, ती कंबर माझ्या डोळ्यांदेखत भिंत ओलांडून गेली आणि परतही आली.

२७ मे, बुधवार
मुक्काम सहा सप्ताहांचा योजिला होता. अनुजाचे टाके चिघळले आणि दहांचा झाला. आता बरी आहे. सौ. आणखी दोन महिने राहणार. पंधरा जूनला शाळा, त्यामुळे मी आणि आबा ६ तारखेला प्रस्थान ठेवणार.
जावईबापूंनी आबांच्या नावे विमानतळावर चाकांची खुर्ची नोंदवली. आपल्याकडचे सगळेच नोंदवतात. खुर्चीमागचा मनुष्य रांगेतून थेट दारापर्यंत पोचवतो, इंग्रजी बोलण्याचा प्रसंग येत नाही.
आबा: "पाय हायत की मला. कावून बसू?"
"खुर्चीवाल्याला रांग नसते, आबा."
"मग तू बस. तूच लई दमल्यावानी दिसतूस."
अनुजा हसली. मीही हसलो असतो. गेले दहा दिवस सलग तीन तासांपलीकडे झोप नाही.
आज प्रयोग सदतिसावा. बाळूच्या आवाजात आता सराईतपणा आला आहे. हेच जास्त वाईट.

६ जून, शनिवार
निघालो. निरोपाचे वर्णन करीत नाही. पणतीच्या कपाळाला आबांनी बुक्का लावला. अनुजा दारात फार वेळ उभी. सौ. मला बाजूला घेऊन: "पालीला पोचायच्या आत सांगा. तिथं रिकामं वाडगं त्यांना आधी दिसता कामा नये."
"सांगतो."
"कधी?"
"योग्य समयी."
"तुमचा योग्य समय मला माहीत आहे," म्हणाली आणि लोणच्याची बरणी काढून घेतली, विमानात चालत नाही म्हणून.
विमानतळावर खुर्ची आली. आबांनी तिच्यावर पिशवी बसवली आणि शेजारून चालू लागले. खुर्ची ढकलणारा आधी गोंधळला, मग पिशवीला सन्मानपूर्वक घेऊन गेला.

७ जून, रविवार
आखातातला विमानतळ. पुढील विमानास सहा तास. दुसरी खुर्ची, दुसरा ढकलणारा. यावेळी माझ्याच गुडघ्यांनी असहकार पुकारला. अखेरीस अस्मादिक खुर्चीत, तीर्थरूप चालत. पाहणाऱ्यांनी काय तर्क केला असेल तो केला असेल.
बाकांपाशी आलो. आबा समोरच्या दुकानाकडे पाहत म्हणाले,
"सखाच्या मेंढरांची लोकर कातराय झालीय."
मी खिशातले पासपोर्ट चाचपले.
"पैल्या दिसापासनं ठाव हाय मला. आपली एक बी नव्हती त्यात."
"तुम्हाला कसं..."
"तू वर्गातली पोरं तोंडावरनं वळखतूस न्हवं?"
मी विचारले, मग इतके दिवस बोलला का नाहीत.
"सखा रोज कामधंदा टाकून मेंढरं आडवून धरायचा. बाळू बीडवरनं पळत यायचा. तू इकडं घाम पुसायचास. म्हनलं, एवढी मानसं राबत्यात तर बघावं." मग म्हणाले, "अन् त्या पांढऱ्या कानाच्या मेंढीचा जीव जात व्हता. सखाला तरी कळावं म्हणून सांगत व्हतो. बहिरे मेले."
मी क्षमा मागितली. शब्द आठवत नाहीत, त्यात एकही तत्सम नव्हता. आबांनी हात असा केला, जणू माशी.
"कुनाला दिली?"
"पाटोद्याच्या व्यापाऱ्याला."
"पाळायला का कापायला?"
"पाळायला."
"इचारलंस?"
उद्घोषणा झाली. आमच्या विमानाची नव्हती. तरी मी उठून फलक पाहायला गेलो.

८ जून, सोमवार
मुंबई पहाटे. तिथून पुणे, नगर, जामखेड. नगरपर्यंत एसटीत खिडकी लागत नव्हती, पुढे उघडत नव्हती. आबांनी नगरला भजी खाल्ली. मला अन्नाची वासना नाही. डोळ्यांत वाळू.
कालपासून आबांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. विचारले असते तर बरे, असे जामखेडपासून वाटते आहे.
खरे हे की मी विचारलेच नव्हते. बाळूला फोनवर "देऊन टाक" म्हणालो. घेणारा पाळणार की कापणार, नेणार कुठे, काहीच नाही. निम्म्याहून अधिक विणाऱ्या मेंढ्या होत्या; कोणी पाळायला नेल्याही असतील. "असतील" या क्रियापदावर आज दोनशे मैल काढले.
पाटोदा आले. माझे घर इथे. मी बॅग काढू लागलो.
"तू उतर. मी पालीला जातो."
उतरलो नाही. वाहकाने पुढचे तिकीट देताना विचारले, "कुठनं आलात एवढं सामान घेऊन?" आबा म्हणाले, "पोरीकडनं."
मांजरसुंबा ओलांडले तेव्हा सूर्य बिंदुसरा नदीच्या धरणावर होता. आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. झोपले असावेत असे मला वाटले. झोपले नव्हते.

९ जून, मंगळवार
पाली. काल घरी पोचल्यावर आबा वाडग्याकडे फिरकले नाहीत. सरळ सखारामकडे. सखाराम पायाच पडायला निघाला.
"आबा, लाजंनं मेलो बगा मी. बाळ्या रडाय लागला म्हणून..."
"तू कावून लाजतूस? लई गुनाची मेंढरं तुझी. रोज टायमाला हजर व्हायची." मग त्या पांढऱ्या कानाच्या मेंढीला पायात धरून खूर उचलला. बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, भोवती पू. आबांनी तो काढून सखारामच्या तळहातावर ठेवला. सखाराम खोकलासुद्धा नाही.
आज सकाळी बाळूची तपासणी. तो दारात उकिडवा, मान खाली.
"व्यापारी काय म्हनला? कुठं नेनार?"
"न्हाई इचारलं, आबा. तात्या म्हनले देऊन टाक, मी दिली."
आबा माझ्याकडे वळले नाहीत. वळले असते तर चालले असते. ताटातली भाकरी बारीक मोडून खाल्ली, हात धुतला आणि अंगणात आलेल्या सखारामला म्हणाले, "सखा, दुपारपातूर तुझी मी फिरवून आनतो. तू आराम कर."
गेले. बिंदुसरेच्या अंगाला कळप जाताना मी ओट्यावरून पाहिला. पंधरा पावलांवर मला त्यातले एक मेंढरू दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येईना.
सायंकाळच्या गाडीने पाटोदा.

१२ जून, शुक्रवार
तीन दिवस घर झाडणे, वीजबिल, बंद पडलेला नळ. दिवसा झोप, रात्री जागर. देह अद्याप विलायती वेळ पाळतो. सौ.चा फोन: "सांगितलंत?" म्हटले, त्यांनीच सांगितले. "बरं," ती म्हणाली. मग नातीचे वजन सांगितले.
दुपारी दोनला दारात आबा. पालीहून एकटे एसटीने. डोक्याला नवा फेटा.
"चल."
कुठे, हे विचारण्याचा आव मी आणला नाही. बाजारामागे त्या व्यापाऱ्याचे आवार. पत्र्याचे छप्पर, रिकाम्या गव्हाणी, लेंड्यांचा वास. मालक बाहेर गेलेला. गड्याने बाक पुसून दिला, चारपर्यंत येतील म्हणाला. गड्याला विचारावे असे माझ्या मनात आले. आबांनी मान हलवली. "चाकराला नगं. त्यो बिचारा भिऊन कायबी सांगंल."
मी म्हणालो, "आबा, उत्तर कळून आता काय करायचं?"
"पाळाय गेली आसतील तर गाव इचारून एकदा बघून येतो. दुसरं आसंल तर तसं कळू दे. निस्तं लोंबकळत न्हाई ठिवायचं मानसाला."
आवारापलीकडून कोणाचा तरी रेडिओ. आबांनी चंची काढली, परत ठेवली.
"त्यो आला की तू इचार," म्हणाले. "मी न्हाई इचारनार. इकली तू."
साडेतीन. बाकावरच वही गुडघ्यावर घेऊन लिहितो आहे. प्रारंभी कुशलप्रश्न, मग हवापाणी, मग हळूच मूळ विषय, अशी रचना मनात सिद्ध केली होती. आबा शेजारी असताना ती टिकत नाही. विमानतळावरचे त्यांचेच तीन शब्द वापरावे लागणार.
पांढरा टेम्पो आवारात वळला. मागे काही नाही, रिकामा. पुढून एक जाडसर गृहस्थ उतरतो आहे, खिशात किल्ल्या शोधतो आहे. आबा उभे राहिले. वही मिटतो.